बोटापासून झडपेपर्यंत: नाउमबुर्गच्या ऑर्गनची नवी यांत्रिक जोडणी

हार्मोनियमची पेटी ज्यांनी एकदा तरी उघडून पाहिली असेल, त्यांना या लेखाचा अर्धा विषय आधीच ठाऊक आहे. पट्टी बोटाने दाबली की तिचे मागचे टोक वर उचलले जाते, त्या टोकाला लावलेली झडप भोकावरून उठते आणि भात्याने कोंडून ठेवलेली हवा खालच्या पितळी रीडमधून वाट काढत बाहेर पडते. बोट आणि सूर यांच्यामध्ये एकच तरफ असते. पट्टी हळू दाबली तर झडप हळू उघडते, बोट चटकन उचलले तर ती चटकन मिटते आणि मधे दुसरे कोणीही नसते.

पाइप ऑर्गनमध्येही पट्टी दाबून झडप उघडायची असते. फरक एवढाच की ती झडप वादकाच्या डोक्यावर कित्येक मीटर उंच, किंवा पाठीमागे, किंवा डाव्या-उजव्या टोकाला असते. बोटाची दीड सेंटीमीटरहून कमी हालचाल तिथपर्यंत न अडखळता पोहोचवणारी जी लाकूड, तार आणि चामड्याची साखळी असते, तिला ऑर्गन बांधणारे ‘यांत्रिक अ‍ॅक्शन’ म्हणतात. जुन्या ऑर्गनची दुरुस्ती करताना ही साखळी नव्याने बनवण्याचा निर्णय का घेतला जातो, ती कशी बनते आणि तसे केल्यावर तो ऑर्गन ‘जुना’ राहतो का, हे समजून घेण्यासाठी जर्मनीतील नाउमबुर्ग या गावातील ऑर्गनइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

त्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा. मराठी संगीत नाटकांमुळे ‘ऑर्गन’ हा शब्द आपल्या चांगल्याच परिचयाचा आहे, पण गायकनटांच्या साथीला असलेला तो पायाने भाता मारायचा ऑर्गन आतून पेटीचाच भाऊबंद होता, म्हणजे त्यातला स्वर रीडमधून निघत असे. पाइप ऑर्गनमध्ये स्वर नळीतून निघतो. बहुतेक नळ्या शिट्टीसारख्या किंवा बासरीसारख्या वाजतात, काहींच्या बुडाशी सनईच्या पत्तीची आठवण करून देणारी धातूची जीभ असते, आणि प्रत्येक नळी एकच स्वर, एकाच ध्वनिगुणाचा, देऊ शकते. म्हणून नळ्यांची संख्या हजारांत जाते. एकाच ध्वनिगुणाच्या, मंद्रापासून तारापर्यंतच्या नळ्यांच्या एका रांगेला ‘स्टॉप’ म्हणतात.

नाउमबुर्गच्या सेंट वेन्झेल चर्चमधील ऑर्गनला असे 53 स्टॉप आहेत, तीन कीबोर्ड आहेत आणि पायांनी वाजवायची पेडलची पट्टी वेगळी आहे. झाकारियास हिल्डेब्रांट याने तो 1743 ते 1746 या काळात बांधला. हिल्डेब्रांट हा गॉटफ्रीड झिल्बरमान या त्या काळच्या सर्वांत नामांकित ऑर्गननिर्मात्याचा शिष्य होता. पुढे गुरु-शिष्यांमध्ये धंद्यावरून कोर्टकज्जाही झाला होता. तरी 1746च्या सप्टेंबरमध्ये हा नवा ऑर्गन तपासून घेण्यासाठी नगरपालिकेने ज्या दोघांना बोलावले, त्यांपैकी एक झिल्बरमान होता आणि दुसरा होता थोर संगीतकार योहान सेबास्टियान बाख. दोन वर्षांनी तिथे ऑर्गनवादक म्हणून नेमला गेलेला आल्टनिकोल हा बाखचा शिष्य होता आणि पुढे त्याचा जावई झाला. बाखच्या स्वतःच्या कानांनी आणि हातांनी पारखलेल्या मोठ्या ऑर्गनपैकी फार थोडे शिल्लक आहेत, आणि म्हणूनच या ऑर्गनचे महत्त्व केवळ एका गावापुरते नाही.

आता साखळीकडे वळू. प्रत्येक कीबोर्डच्या नळ्या एका मोठ्या लाकडी हवापेटीवर उभ्या असतात. या पेटीच्या आत, प्रत्येक स्वरासाठी एक, असे अरुंद कप्पे असतात. त्या कप्प्याच्या तोंडावर चामडे लावलेली एक लांबट झडप असते, जी खालून स्प्रिंगने आणि हवेच्या दाबानेही मिटलेली राहते. कप्प्याच्या वर एकाच स्वराच्या पण निरनिराळ्या स्टॉपच्या नळ्या ओळीने उभ्या असतात, आणि त्यांच्या बुडाखालून आडवी जाणारी, भोके पाडलेली एक सरकपट्टी प्रत्येक स्टॉपला असते. वादकाने शेजारचा दांडा ओढला की सरकपट्टीची भोके नळ्यांच्या भोकांशी जुळतात आणि तो स्टॉप ‘चालू’ होतो. म्हणजे कोणता ध्वनिगुण ते सरकपट्टी ठरवते आणि कोणता स्वर ते झडप. ही व्यवस्था कित्येक शतकांची आहे आणि इतकी टिकाऊ की अडीचशे वर्षांपूर्वीच्या हवापेट्या आजही काम देताना दिसतात.

झडपेपासून खाली निघणारी तार एका पातळ लाकडी पट्टीला जोडलेली असते. या पट्टीला ‘ट्रॅकर’ म्हणतात. ती साधारण बोटभर रुंद, एक-दोन मिलिमीटर जाड आणि गरजेप्रमाणे कितीही मीटर लांब असते. बहुधा ती सरळ रेषांच्या देवदाराच्या जातीच्या लाकडाची असते. ताकद तिला फक्त ओढ सहन करण्यापुरती लागते, म्हणून ती इतकी बारीक करता येते. बारीक असेल तेवढी हलकी, आणि हलकी असेल तेवढी बोटाला आज्ञाधारक. लाकूडच का, याचेही उत्तर साधे आहे. दमट हवेत लाकूड रुंदीच्या दिशेने फुगते, पण रेषांच्या दिशेने त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही. धातूची लांब तार मात्र उन्हाळ्या-हिवाळ्यात लांबत-आखडत राहते, तर ऑर्गनचा सांगाडा लाकडाचाच असल्यामुळे सांगाडा आणि ट्रॅकर एकमेकांशी इमान राखतात.

पण सरळ खाली ओढणे पुरेसे नसते. कीबोर्डवरचे एक सप्तक सुमारे सोळा-सतरा सेंटीमीटरांत मावते, उलट हवापेटी कित्येक मीटर रुंद असते, आणि शोभेसाठी व वजनाच्या समतोलासाठी मोठ्या नळ्या दोन्ही बाजूंना व लहान मधे अशा मांडलेल्या असतात. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या झडपा दोन विरुद्ध टोकांना असू शकतात. ही आडवी वाटचाल ‘रोलर’ करतात. एका मोठ्या फळीवर लाटण्यासारख्या गोल, स्वतःभोवती फिरणाऱ्या दांड्या बसवलेल्या असतात, प्रत्येक दांडीला दोन छोटे हात असतात, एक हात ओढला की दांडी किंचित फिरते आणि दुसऱ्या टोकाचा हात तेवढीच ओढ पुढच्या ट्रॅकरला देतो. नाउमबुर्गला वादकाच्या पाठीमागे, सज्जाच्या कठड्यावर, नळ्यांची आणखी एक वेगळी पेटी आहे. तिच्याकडे जाणारी साखळी कीबोर्डपासून खाली उतरते, वादकाच्या बाकाखालून जमिनीच्या आतून जाते आणि पुन्हा वर चढते. तिन्ही कीबोर्ड आणि पेडल मिळून पावणेदोनशेच्या आसपास अशा साखळ्या होतात, आणि त्यांतल्या प्रत्येकीने सारख्याच क्षणी, सारख्याच जोराने काम करावे अशी अपेक्षा असते.

बोटाला नेमके काय जाणवते, हे एका छोट्या हिशेबातून कळते. जुन्या ऑर्गनमधील हवेचा दाब साधारणपणे 70 मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे सुमारे 700 पास्कल धरू. झडप 25 सेंटीमीटर लांब आणि 2 सेंटीमीटर रुंद असेल तर तिचे क्षेत्रफळ 50 चौरस सेंटीमीटर होते, आणि तिच्यावर सुमारे 350 ग्रॅम वजनाएवढा जोर पडतो. तरफेच्या प्रमाणात तो बोटापाशी कमी होतो, त्यात स्प्रिंगचा जोर मिळवावा लागतो. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: झडप फटीएवढी जरी उघडली तरी दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा होतो आणि हा अडथळा एकदम नाहीसा होतो. त्यामुळे पट्टी दाबताना सुरुवातीला विरोध, मग एक बारीक खटका आणि नंतर मोकळी वाट, असा अनुभव बोटाला येतो. स्वर नेमका कधी सुरू होणार हे वादकाला त्या खटक्यावरून कानाच्या आधी कळते. पेटीचा कपलर, म्हणजे एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी जोडणी, लावला की पट्ट्या जड होतात हे वाजवणाऱ्यांना माहीत आहे. इथेही दोन कीबोर्ड एकमेकांना जोडले की दोन-दोन झडपांचा जोर एकाच बोटावर येतो.

नेमक्या या जडपणानेच एकोणिसाव्या शतकात यांत्रिक जोडणीच्या गळ्याला फास लागला. ऑर्गन मोठे झाले, हवेचा दाब वाढला, आणि पट्ट्या दाबणे हे अक्षरशः अंगमेहनतीचे काम होऊन बसले. चार्ल्स स्पॅकमन बार्कर याने त्यावर तोड काढली. बोटाने फक्त एक छोटी झडप उघडायची, तिच्यातून आलेली हवा एक छोटा भाता फुगवेल आणि तो भाता मोठी झडप ओढेल. फ्रेंच निर्माता कावाये-कोल याने पॅरिसजवळच्या सेंट-देनी येथील 1841च्या ऑर्गनमध्ये ही युक्ती यशस्वीपणे वापरली. पुढे शिशाच्या नळ्यांतून हवेनेच निरोप पाठवण्याची पद्धत आली आणि मग वीज आली. विजेच्या जोडणीत पट्टी म्हणजे केवळ एक स्विच उरते. कीबोर्ड ऑर्गनपासून कितीही लांब ठेवता येतो, हव्या तितक्या जोडण्या करता येतात, बोटाला वजन जाणवत नाही. या सगळ्या खऱ्याखुऱ्या सोयी होत्या, आणि त्या स्वीकारणाऱ्या लोकांना आज अडाणी ठरवणे मला योग्य वाटत नाही. 1930च्या दशकात नाउमबुर्गच्या ऑर्गनलाही विद्युत-वायवीय जोडणी (विजेने निरोप, हवेने जोर) आणि नवा कीबोर्ड-मंच मिळाला, तो त्या काळाच्या प्रगतीच्या कल्पनेला धरूनच होता.

मात्र या जोडणीचे आयुष्य कमी असते. तिच्यातल्या छोट्या भात्यांचे पातळ चामडे काही दशकांत ठिसूळ होते, विजेचे संपर्कबिंदू काळवंडतात, जुन्या तारांवरचे आवरण झडते. लाकडी साखळीचा एखादा दुवा तुटला तर एकच स्वर मुका होतो आणि तो दुवा गावातला कसबी सुतारही करून देऊ शकतो. विद्युत जोडणी म्हातारी झाली की सगळीच एकदम म्हातारी होते. दुसरी अडचण ऐकण्याची आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. वादक नळ्यांपासून 17 मीटर दूर बसला तर त्याला स्वतःचा स्वर एक-विसांश सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि जलद चालीच्या संगीतात एवढा उशीर बोटांना गोंधळात पाडतो.

जर्मनीत जुन्या ऑर्गनकडे नव्या नजरेने पाहायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आरंभ झाला होता. आफ्रिकेतील वैद्यकीय सेवेसाठी पुढे ख्यातनाम झालेले अल्बर्ट श्वाइट्झर हे स्वतः ऑर्गनवादक होते आणि 1906 मध्येच त्यांनी कारखानी पद्धतीच्या ऑर्गनविरुद्ध लिहिले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिक जोडणीचे नवे ऑर्गन पुन्हा बांधले जाऊ लागले, आणि मग साहजिकच प्रश्न आला की नवे ऑर्गन यांत्रिक होत असतील तर बाखने तपासलेला जुना ऑर्गन विजेवर का राहावा? बाउट्झेन येथील ऑयले या ऑर्गन बांधणाऱ्या संस्थेने 1993 ते 2000 या काळात नाउमबुर्गच्या ऑर्गनचा टप्प्याटप्प्याने जीर्णोद्धार केला. त्यात विद्युत जोडणी काढून नवी यांत्रिक जोडणी बसवण्यात आली.

‘नवी’ या शब्दावर थांबायला हवे, कारण काढून टाकलेली मूळ साखळी कुठे जपून ठेवलेली नसते. अशा वेळी कारागिराला पोलीस तपासासारखे काम करावे लागते. जुन्या चौकटीवरची बुजलेली स्क्रूची भोके, ट्रॅकर जाण्यासाठी लाकडात पाडलेल्या खाचा, वर्षानुवर्षांच्या घर्षणाने गुळगुळीत झालेल्या जागा, धुळीच्या रेषांनी दाखवलेली एखाद्या फळीची पूर्वीची जागा, हे सगळे मोजून कागदावर मांडायचे. रोलरची फळी केवढी होती, पट्ट्यांची लांबी किती होती, तरफेचा टेकू कुठे होता, हे त्यातून हळूहळू कळते. जिथे माग लागत नाही तिथे त्याच निर्मात्याच्या दुसऱ्या ऑर्गनकडे जायचे. हिल्डेब्रांटच्या बाबतीत नशीब चांगले आहे, कारण लाइपझिगजवळच्या श्ट्योर्मटाल या खेड्यातला त्याचा 1723 सालचा छोटा, एका कीबोर्डचा ऑर्गन बऱ्याच अंशी मूळ स्थितीत टिकून आहे. त्याच्या उद्घाटनासाठी बाखने एक कँटाटा, म्हणजे वाद्यांच्या साथीने गायची रचना, सादर केली होती. एखाद्या घराण्याची बंदिश विस्मरणात गेली तर त्याच घराण्याच्या दुसऱ्या शिष्याच्या गळ्यातून तिचा माग काढतात, तसाच हा प्रकार.

साहित्याचा प्रश्नही सोपा नाही. आज कार्बन फायबरचे ट्रॅकर, अ‍ॅल्युमिनियमचे रोलर आणि बॉल बेअरिंग उपलब्ध आहेत. ते हलके आहेत, त्यांत घर्षण कमी आहे, आणि नव्या ऑर्गनमध्ये ते वापरण्यात काहीच गैर नाही. जुन्या ऑर्गनमध्ये मात्र ते घातले तर खटका वेगळा लागतो, परतीचा वेग वेगळा होतो आणि ज्या स्पर्शासाठी एवढा खटाटोप केला तोच हातून निसटतो. थोडेसे घर्षण आणि थोडेसे वजन हा त्या वाद्याच्या स्वभावाचाच भाग आहे. दुसरीकडे, घर्षण जास्त झाले तर पट्ट्या चिकटतात, आणि प्रत्येक सांध्यात केसभर सैलपणा राहिला तर सात-आठ सांध्यांनंतर बोटाची निम्मी हालचाल नुसता ढिलेपणा भरून काढण्यात जाते. म्हणून सांध्यांत लोकरी कापड आणि चामडे बसवतात, जेणेकरून खडखड होत नाही आणि सैलपणाही राहत नाही. हे काम यंत्रावर मापे काढून पुरे होत नाही, ते शेवटी हातानेच जमवावे लागते.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वारसा-जतनाची 1964ची व्हेनिस सनद सांगते की एखाद्या वास्तूवर निरनिराळ्या काळांत पडलेली योग्य भर जपली पाहिजे आणि शैलीची एकसंधता हे जीर्णोद्धाराचे उद्दिष्ट नव्हे. मग 1930च्या दशकातली विद्युत जोडणी हा इतिहास नव्हता का? होता. ती काढताना एका पिढीने या ऑर्गनवर जे वाजवले, ज्या पद्धतीने वाजवले, त्याची साधने गेली. माझ्या मते नाउमबुर्गच्या बाबतीत निर्णय बरोबर होता, कारण तिथे हिल्डेब्रांटच्या नळ्यांचा मोठा भाग आणि त्याची मांडणी शिल्लक होती, आणि झडप उघडण्याची रीत त्या नळ्यांच्या बोलण्याशी थेट बांधलेली आहे. पण हाच निर्णय सगळीकडे लावता येणार नाही. मुळातच विजेच्या जोडणीसाठी बांधलेल्या 1920-30च्या चांगल्या ऑर्गनला यांत्रिक बनवणे म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली वेगळेच वाद्य बांधणे होय, आणि असे प्रकार भूतकाळात झालेले आहेत.

हाम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आली. आर्प श्निटगर याने 1693 मध्ये पूर्ण केलेल्या तिथल्या 60 स्टॉपच्या ऑर्गनच्या दर्शनी कथील नळ्या पहिल्या महायुद्धात धातूसाठी काढून नेण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात उरलेल्या नळ्या आधीच सुरक्षित जागी हलवल्या होत्या म्हणून वाचल्या, पण 1944 मध्ये बॉम्बहल्ल्यात चर्च जळाले आणि ऑर्गनचा मोठा लाकडी सांगाडा त्याबरोबर गेला. युर्गेन आरेंट याने 1989 ते 1993 या काळात वाचलेल्या नळ्यांभोवती सांगाडा, कीबोर्ड आणि यांत्रिक जोडणी पुन्हा उभारली. तिथे जोडणी माणसांनी आवडीने बदललेली नव्हती, आगीने नेली होती, त्यामुळे पूर्वीची कोणती भर काढायची हा वाद फारसा उरला नाही. प्रश्न होता तो फक्त पुरावा किती आणि तर्क किती याचा.

यांत्रिक जोडणीचा कैवार घेणारे सांगतात की पट्टी हळू किंवा जलद दाबून नळीच्या स्वराची सुरुवात मऊ किंवा टोकदार करता येते. यावर जाणकारांमध्ये एकमत नाही. खटका ओलांडताच बोट स्वतःच्याच जोराने पुढे जाते, त्यामुळे त्या क्षणी वेगावर फार ताबा राहत नाही, असा प्रतिवाद केला जातो आणि त्यात तथ्य आहे. स्वर सोडण्याबद्दल मात्र फारसा वाद नाही. पट्टी सावकाश वर येऊ दिली की झडप सावकाश मिटते आणि स्वर कापल्यासारखा न थांबता विरतो. ऑर्गनचा स्वर दाबून धरला की एकाच जोराने चालू राहतो, त्यात मींड नाही, लहानमोठा आवाज नाही, म्हणून कुठला स्वर किती वेळ धरायचा आणि दोन स्वरांमध्ये किती श्वास सोडायचा एवढ्यावरच वादकाचा सगळा उच्चार उभा असतो. त्या उच्चाराचे माप खटका बोटाला देतो. विजेच्या स्विचवर तेच माप नुसत्या कानाने आणि तेही उशिरा घ्यावे लागते.

नवी जोडणी बसवून झाली म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक ट्रॅकरच्या टोकाला आटे पाडलेली तार असते आणि तिच्यावर चामड्याचे एक छोटे बटण नटासारखे फिरवलेले असते. हिवाळ्यात चर्चमध्ये उष्णता सुरू झाली की हवा कोरडी पडते, हवापेट्या आणि रोलरच्या फळ्या रुंदीत आखडतात, काही पट्ट्या ठेंगण्या होतात तर काही किंचित वर राहतात. मग देखभाल करणारा माणूस ऑर्गनच्या पोटात शिरतो, दुसरा कीबोर्डपाशी बसून एकेक पट्टी दाबतो, आणि आतला माणूस बोटांच्या चिमटीत ते बटण पाव फेरा, अर्धा फेरा फिरवत सगळ्या पट्ट्यांचा खटका पुन्हा एका खोलीवर आणतो. पावसाळी दिवस परत आले की हेच उलट्या दिशेने करायचे असते.